शिनाई दर एप्रिलात का तडकते, आणि मेन दर वेळी सैल का निघतो?

आवाज आता ओळखीचा झालाय. मेनवर, म्हणजे डोक्याच्या जाळीदार शिरस्त्राणावर, नीट बसलेल्या फटक्याचा आवाज भरीव असतो. हा मात्र पापड मोडल्यासारखा कोरडा. दोघंही थांबतात. ज्याची शिनाई, म्हणजे बांबूच्या चार कामट्यांची सरावाची तलवार, असते तो ती कानाशी नेऊन हलवतो, चारपैकी एखादी कामटी किरकिरते, आणि मग ठरलेलं वाक्य येतं: "त्या साइटवरून पुन्हा नाही मागवणार भाऊ." पुढच्या वेळी तो दुसऱ्या साइटवरून मागवतो. पुढच्या एप्रिलात तीही तडकते.

आम्ही नऊ जण त्रिमूर्तीनगरातल्या एका हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस पहाटे केंडो, म्हणजे जपानी तलवारबाजी, खेळतो. बर्डीच्या बाजारात क्रिकेटची बॅट दहा वेळा उचलून, ठोकून घेता येते. शिनाई तशी हातात घेऊन बघावी असं नागपुरात तरी मला कुठे सापडलं नाही. त्यामुळे आम्ही सगळे ऑनलाइनवाले. चार दुकानं बदलून झाल्यावर मी वहीत तारखा लिहायला लागलो, तेव्हा कुठे गोष्ट समोर आली. दुकान कुठलंही असो, शिनाया फाटतात त्या होळी झाल्यानंतर आणि मृग लागायच्या आधी. मेन सैल निघतो तो मात्र बाराही महिने. म्हणजे पहिलं दुखणं हवेचं आणि दुसरं मोजायच्या टेपचं. खरा दुकानाचा दोष असला तर तो खोकं उघडल्यावर दहा मिनिटांत दिसतो, म्हणून सुरुवात तिथून करू.

खोकं उघडल्यावर

आधी हे बघायचं की आलेली वस्तू शिनाई आहे का. हसू नका. माझी पहिली 'शिनाई' एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून आली होती, 'प्रॅक्टिस स्वोर्ड' या नावाने. कामट्या चार होत्या, पण मुठीवरचं चामडं म्हणजे गोंदाने चिकटवलेलं रेक्झिन, दोरीची जागा भरायला नायलॉनचा धागा, आणि आत चिगिरी नाही. चिगिरी म्हणजे मुठीच्या आत चारही कामट्यांच्या खाचेत बसणारी लहानशी चौकोनी पत्र्याची चकती. ती नसेल तर चार कामट्या एकमेकींवर सरकतात आणि दहाव्या फटक्याला मूठ पिळवटल्यासारखी होते. ती वस्तू आता आमच्याकडे कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून आहे, आणि त्या कामात तिची काहीच तक्रार नाही.

फोटोवरूनही बरंच कळतं. खऱ्या शिनाईच्या टोकाला चामड्याची टोपी असते, तिला साकीगावा म्हणतात. तिथून मुठीपर्यंत एका बाजूने दोरी ताणलेली असते, ती त्सुरू. टोकापासून साधारण पाव लांबीवर चामड्याची बारीक पट्टी गुंडाळून बांधलेली असते, ती नाकायुई. या तिन्हींपैकी एक जरी फोटोत दिसत नसेल किंवा वर्णनात वजन लिहिलेलं नसेल, तर पुढे जाऊ नका. आकड्यांच्या बाबतीत, मोठ्यांसाठी ३९ नंबरची शिनाई लागते, म्हणजे जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत पुरुषांसाठी तिचं वजन किमान ५१० ग्रॅम आणि स्त्रियांसाठी ४४० ग्रॅम लागतं. हे वजन त्सुबा, म्हणजे मुठीवरची गोल तबकडी, काढून धरायचं. चामडं मात्र त्यात धरतात. 'डोबारी' लिहिलेली शिनाई मुठीजवळ जाड आणि टोकाकडे निमुळती असते. तिचं वजन हाताकडे राहतं, त्यामुळे ती हलकी वाटते. 'चोकुतो' सरळसोट असते आणि टोकाकडे जड लागते. नवशिक्याने डोबारी घ्यावी असं सगळे सांगतात. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी चोकुतोच घ्या, मनगटाला खरं वजन लवकर कळतं. पण यावर आमच्या हॉलमध्ये एकमत नाही.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. मग मुठीचं चामडं न काढता शिनाई उजेडात धरून चारही कामट्यांच्या कडांवरून नखाचा उलटा भाग फिरवा. नख अडकलं तिथे फास, म्हणजे बांबूचं सुटलेलं कुसळ, आहे. बारीक फास कारखान्यातून येतातच, त्या आपण काढतो. पण लांबीच्या दिशेने जाणारी चीर दिसली, एखादी कामटी शेजारणीपेक्षा आत दबलेली दिसली, किंवा गाठी चारही कामट्यांवर एका रेषेत नसल्या, तर तिथेच थांबून फोटो पाठवा. हे सगळं एक फटकाही मारण्याआधी करायचं. फटका मारल्यावर चीर कोणाची, हा वाद तुम्ही जिंकू शकत नाही.

एप्रिलचं दुखणं

आता मुख्य गोष्ट. शिनाईचा बांबू बहुतेक करून तैवान-चीनकडचा किंवा जपानचा 'मादाके' असतो. दोन्हीकडची हवा दमट. अशा हवेत मुरलेल्या बांबूत वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी असतं. ती शिनाई मार्चमध्ये नागपुरात उतरते. इथे दुपारी हवा इतकी कोरडी की सकाळी पिळून टाकलेली जीन्स तासाभरात वाळते, आणि मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. बांबूतलं पाणी निम्म्यावर येतं. पाणी गेलं की बांबू आकसतो. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत आकसतो, आणि बाहेरची चिवट साल व आतला मऊ भाग सारखे आकसत नाहीत. कामटीच्या अंगात ताण साठत जातो. त्यावर पहिला जोरदार फटका बसला की धाग्याच्या रेषेत चीर. दुकानदाराने पाठवली तेव्हा शिनाई चांगलीच होती, आपल्या घरी येऊन ती तहानली.

याचा पुरावा मला वजनात सापडला. जानेवारीत ५१७ ग्रॅम भरलेली शिनाई मेच्या तिसऱ्या आठवड्यात ४९८ भरली. काटा तोच, किराण्याच्या दुकानातला. यात आणखी एक गोम आहे: स्पर्धेआधी शिनाईचं वजन तपासतात, आणि जेमतेम ५१२ ची मागवलेली शिनाई आपल्या उन्हाळ्यात नियमाच्या खाली उतरते. म्हणून मागवताना ५२५ च्या आसपासची मागा, आणि पुढचा उपायही करा. बरीच दुकानं विचारलं तर वजन करून पाठवतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण एकदाच करायचा असतो. नवी शिनाई आली की तिला आधी तीन-चार दिवस घरात नुसती ठेवायची, म्हणजे हवेची ओळख हळूहळू होते. मग त्सुरू सोडून पूर्ण खोलायची. खोलण्याआधी गाठींचा फोटो काढा आणि कामट्यांना मुठीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने १ ते ४ आकडे घाला. नाहीतर पुन्हा जोडताना दीड तास जाईल आणि घरच्यांशी भांडण होईल. प्रत्येक कामटीच्या चारही कडा बारीक काचपेपरने घासून किंचित गोल करायच्या. काटकोनातली कड दुसऱ्या कामटीच्या कडेवर आपटते आणि तिथूनच फास सुटते. गोल कड घसरून जाते. बाहेरच्या चकचकीत सालीला मात्र काचपेपर लावायचा नाही. तीच शिनाईची ताकद आहे.

मग तेल. इथे विदर्भातल्या माणसाला थोडी मजा आहे, कारण जगभरचे केंडोवाले जे तेल शोधत फिरतात ते आपल्याकडे घाणीवर मिळतं: जवसाचं. जवसाचं तेल हवेत हळूहळू सुकून पातळ थर धरतं. खोबरेल तसं सुकत नाही, आणि डिसेंबरच्या थंडीत कामट्यांच्या फटीत गोठून पांढरं होतं. हा प्रयोग मी केलेला आहे. रंगाच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' जवस तेलही टाळा. त्यात लवकर सुकवणारे क्षार घातलेले असतात आणि ते हाताला चिकटत राहतं. घाणीचं कच्चं तेल फडक्यावर घेऊन अगदी पातळ हात द्यायचा, आतल्या बाजूने जरा जास्त. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या फडक्याने पुसायचं, चार-पाच दिवस सावलीत टांगायचं, मग जोडायचं. तेल बांबूत पाणी घालत नाही. जे आहे ते बाहेर जायचा वेग कमी करतं. म्हणून तेल फेब्रुवारीत लावायचं, मेमध्ये लावून फार उपयोग नाही.

एक इशारा, आणि हा गंमतीचा नाही. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निघते. तेलाने भिजलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकलं तर उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. नागपूरच्या मेमध्ये तर विचारूच नका. फडकं उघडं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून मग टाका.

आता साठवण. आमच्यातले एक काका शिनाई रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे. कामट्या टिकल्या, पण चामडं खडखडीत झालं आणि पावसाळ्यात आतून बुरशी आली. त्याऐवजी प्लंबरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपचा साडेचार फुटांचा तुकडा आणि दोन झाकणं आणा. एका झाकणाला भोकं पाडलेली साबणाची डबी चिकटवा, तीत ओलसर स्पंजाचा तुकडा. तीन-चार शिनाया त्यात मार्चपासून जूनपर्यंत सुखाने राहतात. मृगाचा पहिला पाऊस झाला की स्पंज बाहेर. हे विसरलात तर जुलैत पाइप उघडल्यावर हिरवळ दिसेल. पाइप नको असेल तर निदान शिनाई कुलरच्या खोलीत ठेवा. वाळ्याच्या ताटीतून येणारी ओलसर हवा बांबूला मानवते. बोगू मात्र, म्हणजे डोक्याचा मेन, हातांचे कोते, छातीचा दो आणि कमरेचा तारे हे सगळं चिलखत, त्याच खोलीत ठेवू नका. घामाने भिजलेल्या कापसाच्या गादीला कुलरची ओल लागली की आठवड्यात वास, पंधरवड्यात बुरशी. आमच्या घरी उन्हाळ्यात शिनाई हॉलमध्ये आणि बोगू आतल्या खोलीत पंख्याखाली. आई म्हणते, घरातल्या माणसांची एवढी सोय कोणी बघत नाही.

एवढं करूनही तडकली तर? फास असेल तर ती काढून, घासून, तेल लावून वापरा. चीर असेल तर ती कामटी बाद. सेलोटेप, इन्सुलेशन टेप, फेव्हिक्विक यातलं काहीही नाही. तुटलेल्या कामटीचं टोक मेनच्या जाळीतून आत जाऊ शकतं आणि समोर डोळा असतो. दोन फुटक्या शिनायांतल्या चांगल्या कामट्या एकत्र करून एक शिनाई करायचा जुगाड सगळे करतात, मीही करतो. पण दोन्ही एकाच दुकानाच्या, एकाच प्रकारच्या असल्या तरच. नाहीतर गाठी जुळत नाहीत आणि फट राहते. कार्बनची शिनाई हाही मार्ग आहे. हासेगावा कंपनीची प्रसिद्ध आहे, उन्हाळ्याचा तिच्यावर परिणाम नाही आणि ती वर्षानुवर्षं टिकते. पण किंमत बांबूच्या कितीतरी पट, हाताला बसणारा झटका वेगळा, आणि वरचा थर खरवडून आतले काळे धागे दिसले की तीही फेकावी लागते. मी सरावाला एक ठेवली आहे. आवडते असं म्हणणार नाही.

"इतवारीतल्या बुरडाकडून करून घेऊ ना, आपला विदर्भ तर बांबूचा!" असं प्रत्येक नवा मुलगा म्हणतो. मीही म्हटलं होतं आणि करूनही घेतली. कारागीर कसबी होता, चूक जातीची होती. आपल्याकडचा लाठीचा बांबू म्हणजे मानवेल. तो आतून जवळजवळ भरीव असतो, म्हणूनच त्याची लाठी होते. शिनाईला पोकळ, जाड सालीचा, लांब पेरांचा बांबू लागतो, जो चार भागांत सरळ चिरता येईल. आमची देशी शिनाई तिसऱ्या दिवशी केळ्यासारखी वाकली. बाबा म्हणाले, "एवढ्या पैशात बांबूचं अख्खं बेट आलं असतं."

मेन सैल का निघतो

कारण आपण डोकं मोजतो. फॉर्ममध्ये दोन मापं मागितलेली असतात आणि आपण दोन्हीकडे टोपीचंच माप भरतो. एक माप कपाळावरून, भुवयांच्या वरून डोक्याभोवती आडवं घ्यायचं. दुसरं उभं: हनुवटीखालून सुरू करून, कानांच्या पुढून, माथ्यावरून फिरून परत हनुवटीशी. मेन कसा बसेल ते हे दुसरं माप ठरवतं, आणि तेच आपण अंदाजाने लिहितो. माझी दोन मापं अनुक्रमे ५७ आणि ६६ सेंटिमीटर आहेत. पहिल्या वेळी मी दोन्हीकडे ५७ लिहिलं, त्यावर दुकानाने शंका काढली, तेव्हा शहाणपण दाखवून दोन्हीकडे ७० केलं. आलेला मेन घालून मान वळवली की मान वळायची, मेन नाही.

शिंप्याचा कापडी टेप वापरा, सुतारकामाचा पत्र्याचा नको. तो हनुवटीखाली वळत नाही आणि दोन सेंटिमीटर जास्त दाखवतो. टेपवर इंच असतील तर २.५४ ने गुणा. मापं दुसऱ्या माणसाला घ्यायला लावा, तोंड मिटून, आणि तीन वेळा. डोक्याला बांधायचा तेनुगुई, म्हणजे सुती रुमाल, असेल तर तो बांधून एकदा मोजा आणि न बांधता एकदा. दोन्ही आकडे दुकानाला कळवा, कोणता कोणता ते लिहून. केस लांब असतील तर तेही सांगा. आमच्यातल्या एका ताईंचा अंबाडा मापात धरला गेला नव्हता, आणि मेन डोक्याच्या मागे टेकतच नव्हता.

मेन आला की तेनुगुई बांधून आरशासमोर घाला. मोठ्यांच्या मेनच्या जाळीला १४ आडव्या सळ्या असतात. वरून सहावी आणि सातवी यांच्यामधली फट बाकीच्यांपेक्षा जराशी मोठी असते, तिला मोनोमी म्हणतात. तुमचे डोळे त्या फटीत यायला हवेत. डोळे आठवीशी दिसले तर हनुवटी खाली घसरली आहे, म्हणजे मेन मोठा. डोळे पाचवीच्या वर असले तर हनुवटी नीट आत बसलेली नाही, म्हणजे लहान तरी किंवा बांधायला चुकलंय. मग हनुवटी आतल्या गादीवर टेकवून दोऱ्या आवळा आणि डोकं 'नाही नाही' करत जोरात हलवा. मेन डोक्याबरोबर फिरला पाहिजे, मागून नाही. कानशिलं पाच मिनिटांत ठणकायला लागली तर घट्ट आहे. नुसता दाब जाणवला तर ठीक, नवी गादी कडकच असते.

ही सगळी चाचणी दोऱ्या अर्धवट बांधून, अंगात स्वच्छ कपडे घालून आणि पंख्याखाली करा. घामाचा डाग पडला की बदलून मिळायची आशा सोडा. बाहेरच्या देशातल्या दुकानाला परत पाठवायचा खर्च बऱ्याचदा वस्तूच्या किमतीशी स्पर्धा करतो, त्यामुळे 'परत घेऊ' या शब्दांवर फार विसंबू नका. सैल मेन ठेवून घ्यावाच लागला तर हनुवटीखाली आणि कपाळाशी लावायच्या पातळ गाद्या मिळतात. एखादा सेंटिमीटर त्या भरून काढतात. तीन सेंटिमीटर नाही. घट्ट मेनला वेळ द्यावा लागतो. रोज संध्याकाळी टीव्ही बघताना वीस मिनिटं बांधून बसा. पाहुणे आले तर उत्तर तयार ठेवा.

गादीच्या शिवणीचा एक घोळ सांगतो, कारण त्यात पैसे जातात. मशीनची शिवण मिलिमीटरमध्ये सांगतात, हाताची 'बु'मध्ये. एक बु म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. आकडा लहान तितकी शिवण दाट, म्हणून लोक '२ मिलिमीटर मशीन'ला '२ बु हाताची' समजून हुरळतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नागपूरच्या गरमीत रोजच्या सरावाला मशीनची ५-६ मिलिमीटर शिवण पुरते: जरा मऊ असते, लवकर वाळते.

कोतेसाठी मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत आणि तळव्याचा घेर, दोन्ही हातांचं वेगळं माप घ्या. डाव्या कोत्याचा तळवा आधी फाटतो, कारण सगळं काम डाव्या हाताचं. उन्हात वाळवला तर एका उन्हाळ्यात त्याचं चामडं पापड होतं. सावलीत, तळवा ताणून वाळवा. दो आणि तारे यांना कंबरेचं माप पुरतं, त्यात कोणी फारसं चुकत नाही. फक्त प्लॅस्टिकचा दो मेमध्ये गाडीच्या डिकीत सोडू नका.

गी आणि हाकामा

हाकामाचे, म्हणजे कमरेखालच्या घोळदार पायघोळ वस्त्राचे, आकडे कळले नाहीत म्हणून आमच्या एकाने 'कंबर ३४' असं बघून ३४ नंबर शोधला. ते आकडे लांबीचे असतात, जपानी कापडाच्या जुन्या फूटपट्टीवरचे: २४ नंबर म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर, २५ म्हणजे ९५, २६ म्हणजे ९८. कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत मोजा. कंबर कोणतीही असो, दोऱ्या पुरतात. सुती गी, म्हणजे वरचा अंगरखा, पहिल्या दोन धुण्यांत आकसतो, म्हणून मापाच्या कोष्टकात दोन आकड्यांच्या मधे असाल तर मोठा घ्या.

निळीचा रंग जातोच. तो कापडात मुरत नाही, धाग्यावर बसतो, आणि सुटा असलेला निघून जाईपर्यंत निघत राहतो. व्हिनेगर किंवा मीठ घालून 'रंग बसवा' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्या अनुभवात जे काही होतं ते थंड पाण्यानेच: बादलीत बुडवा, पाणी बदला, पाणी फिकट होईपर्यंत तेच करत राहा. साबण नको, वॉशिंग मशीन नको, आणि घरात धुणं दुसरं कोणी करत असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे सांगितलं नव्हतं. बाबांच्या सात बनियन एका सकाळी आकाशी झाल्या, आणि मला अजून ऐकावं लागतं.

खोक्याचा हिशोब

कुरिअरवाले बऱ्याचदा खरं वजन धरत नाहीत, खोक्याचं आकारमान धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. तीन शिनायांचं खोकं १२५ बाय १५ बाय १५ चं आलं तर हिशोबाचं वजन ५.६ किलो होतं, आत शिनाया दीड किलोच्या. त्याच खोक्यात सहा मावतात आणि हिशोबाचं वजन तेवढंच राहतं. म्हणून आम्ही सहा-सहा मिळून मागवतो, जानेवारीच्या शेवटी, म्हणजे एप्रिलआधी तेल मुरायला वेळ मिळतो. परदेशातून मागवलं तर कस्टम ड्यूटी वस्तूच्या किमतीवरच नाही, वाहतूक आणि विमा धरून लागते. दर बदलत असतात, मागवण्याआधी चालू दर बघा. 'गिफ्ट लिहून पाठवा' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली, राखीसारखे मोजके अपवाद सोडून. आधार किंवा पॅनची प्रत कुरिअरकडून मागितली जाते, ती लगेच द्या. आमचं एक खोकं अडकलं होतं ते वर्णनात 'तलवार' असं लिहून आल्यामुळे. तेव्हापासून दुकानाला आधीच लिहितो: बांबूचं खेळाचं साहित्य, धार नाही. खरंही तेच आहे.

मेमध्ये नवीन बोगू आला म्हणून लगेच पूर्ण सरावात घालू नका. पहाटे पाचलाही मेनच्या आत गरम होतं. आम्ही त्या महिन्यात मेन घालून दहा-बारा मिनिटांहून जास्त खेळत नाही, आणि कोणाला गरगरलं तर त्या दिवशी मेन बंद. बाकीचा वेळ सुबुरी, म्हणजे हवेत फटके मारायचा सराव, आणि मग हॉलच्या बाहेर तर्री-पोहे.

गेल्या शनिवारी नवीन खोकं आलं. सहा शिनाया घेऊन आम्ही नेहमीच्या किराण्यात गेलो आणि काट्यावर एकेक ठेवली: ५२४, ५२९, ५२१, ५२६, ५३० आणि एक ५०८. ती ५०८ ची मी बाजूला काढली, फोटो काढले आणि दुकानाला पाठवले. काट्यामागचे काका तोवर एक शिनाई उलटीपालटी करून बघत होते. "हे काय भावानं पडलं भाऊ?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी शिनाई परत काट्यावर ठेवली, पुन्हा वजन बघितलं, आणि म्हणाले, "अर्धा किलोचे?"